मोबाईलमधला फोटो लेबलावर कसा जातो?

मागच्या वेळी आपण लोणच्याच्या आणि मसाल्याच्या लेबलावर कोणता मजकूर असावा, याबद्दल बोललो. त्यानंतर जे फोन आले, त्यातल्या निम्म्या फोनवर मजकुराबद्दल काही नव्हतंच, तक्रार होती फोटोची. "मोबाईलवर फोटो असा लखलखीत दिसतो आणि छापून आला की धुरकट, जणू धुक्यातून बरणी बघतोय." एका गटानं तर सांगितलं की एक हजार स्टिकर छापून झाल्यावर हे लक्षात आलं. आता ते गठ्ठे कपाटात पडून आहेत, फेकवत नाहीत आणि लावावेसेही वाटत नाहीत. प्रदर्शनात शेजारच्या टेबलावर चकचकीत पाकीट असताना आपलं धुरकट लेबल घेऊन कोण उभं राहणार? मालात काही कमी नसते, पण गिऱ्हाईक आधी पाकीट बघतं, चव नंतर.

म्हणून आज फोटोबद्दलच बोलू. तुमच्या मोबाईलमधला फोटो डिझाइनवाल्या दादाच्या कॉम्प्युटरमध्ये जातो, तिथून लेबलाच्या चौकटीत जातो आणि मग कागदावर उतरतो. या प्रवासात तो कुठं कुठं बिघडतो आणि तिथं आपण काय म्हणायचं, ते बघू. कॉम्प्युटर चालवता येत नसला तरी हरकत नाही. शिंप्याकडे गेल्यावर मशीन आपण चालवत नाही, पण गळा किती खोल हवा ते आपणच सांगतो ना? तसंच हे.

आधी फोटो म्हणजे काय ते समजून घेऊ. तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी दोसुतीवर भरतकाम केलं असेल. फुल्या-फुल्यांचा टाका घालून मोर काढायचा, तोरण भरायचं. जवळून बघितलं तर नुसत्या रंगीत फुल्या, लांबून बघितलं की मोर. मोबाईलमधला फोटो नेमका असाच असतो. रंगीत चौकोनी टिंबांच्या ओळी, एकाखाली एक. या टिंबाला पिक्सेल म्हणतात. १२ मेगापिक्सेलचा कॅमेरा म्हणजे एका फोटोत साधारण ४००० आडवी आणि ३००० उभी टिंबं, सगळी मिळून १ कोटी २० लाख.

आता छपाई. हातात धरून बघायचं लेबल सुबक दिसायचं असेल, तर कागदाच्या एका इंचात ३०० टिंबं बसावीत, असा छपाईतला रूढ हिशेब आहे. तुमचं स्टिकर ४ इंच रुंद, ३ इंच उंच आहे, तर ४ गुणिले ३००, म्हणजे १२०० टिंबं आडवी, आणि ३ गुणिले ३००, म्हणजे ९०० टिंबं उभी. बस, एवढीच लागतात. मोबाईलच्या मूळ फोटोत याच्या तिपटीनं असतात. मग धुरकट का येतं?

कारण तो मूळ फोटो दुकानात पोचतच नाही. आपण तो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. व्हॉट्सअ‍ॅप डेटा वाचवण्यासाठी फोटो आवळून लहान करतं. चार हजारांची टिंबं दीड-दोन हजारांवर येतात, वर बारीकसारीक छटाही पुसल्या जातात. तुम्ही म्हणाल, दीड हजार तरी आहेत ना, आपल्याला बाराशेच हवीत. बरोबर आहे, आणि पूर्ण फोटो जसाच्या तसा लहान स्टिकरवर टाकला तर तो चालूनही जातो. बिघडतं ते कापताना. आपल्या फोटोत मागं ओटा असतो, गॅस असतो, कुणाचा तरी हात असतो आणि मध्ये बरणी. डिझाइनवाला फक्त बरणी कापून घेतो. बरणीनं फोटोची पाव रुंदी व्यापली असेल तर हातात राहिली ४०० टिंबं. तीच तीन इंचांवर ताणली की इंचाला जेमतेम १३३. दोसुतीवरचा छोटा मोर ओढून चादरीएवढा केला तर फुल्याच दिसणार, तसं होतं ते.

त्यात स्क्रीनशॉट काढून पाठवलेला फोटो, ग्रुपवर चार वेळा पुढे ढकललेला फोटो, कुणाच्या डीपीवरून घेतलेला फोटो, हे तर छपाईला घेऊच नका. आणि एक जाणून घ्या. दादा म्हणेल, "काळजी नको, मी ७२ चं ३०० करून टाकतो." कॉम्प्युटरमध्ये तो आकडा बदलता येतो, खोटं नाही. पण आकडा बदलल्यानं नवीन बारकावे येत नाहीत. मधली टिंबं कॉम्प्युटर आजूबाजूचा रंग बघून अंदाजानं भरतो. आमटीत पाणी घातलं की आमटी वाढते, डाळ वाढत नाही.

उपाय सोपा आहे आणि फुकट आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरच पाठवायचं, पण फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून. जोडायची जी पिन दिसते तिथं दाबा, गॅलरीवर न जाता डॉक्युमेंटवर जा आणि तिथून फोटो निवडा. असा पाठवला की मूळ फोटो जसाच्या तसा जातो, एक टिंबही कमी होत नाही. वेळ जास्त लागतो, कारण फाइल मोठी असते. रेंज नसेल तर बाजाराच्या दिवशी पेनड्राइव्ह किंवा केबल घेऊन दुकानातच जा. 'एचडी' असं बटण असतं, त्यानं फोटो बरा जातो, पण तोही थोडा आवळलेलाच असतो. डॉक्युमेंट ते डॉक्युमेंट.

फोटो काढतानाही थोडं लक्ष द्या, कारण तिथं गेलेली चूक पुढं कुणालाच दुरुस्त करता येत नाही. मोबाईलच्या मागची काच आधी पदरानं पुसा. ओट्यावर काम करता करता तिला तेलकट बोटं लागलेली असतात आणि अर्धा धुरकटपणा तिथूनच येतो. सकाळी दहाच्या सुमारास दाराजवळ किंवा ओसरीवर, थेट ऊन नाही पण उजेड भरपूर, अशी जागा धरा. मागं पांढरा चार्ट पेपर किंवा साधी सुती साडी. बोटांनी चिमटा उघडून झूम करू नका, बरणीच्या जवळ जा. बरणीनं जवळजवळ सगळा फोटो भरू द्या, म्हणजे कापायला काही उरणारच नाही.

आता फोटो दुकानात पोचला. आपल्याकडच्या प्रेसमध्ये आणि फ्लेक्सच्या दुकानात बहुतेक ठिकाणी कोरलड्रॉ नावाचं सॉफ्टवेअर असतं. कॅनडातल्या कंपनीचं आहे, १९८९ पासून चालू आहे. काही जण फोटोशॉपवर काम करतात. इंकस्केप नावाचं एक आहे, ते पूर्ण फुकट आहे आणि कुणीही उतरवून घेऊ शकतं. आपल्या मुली मोबाईलवर कॅनव्हा वापरतात. नावं वेगळी, पण फोटो आत घेण्याची रीत सगळीकडे थोड्याफार फरकानं तीच.

आत घेण्याला इम्पोर्ट म्हणतात. नवशिके इथं एक घोटाळा करतात. ते फोटो 'ओपन' करायला जातात. ओपन म्हणजे त्या फाइलचं दार उघडून तिच्या घरात जाणं. इम्पोर्ट म्हणजे त्या फाइलला आपल्या घरात आणून बसवणं. आपलं लेबल आधी मांडलेलं असतं, ४ बाय ३ इंचांचं, त्यात फोटो आणायचा, म्हणून इम्पोर्ट. कोरलड्रॉ आणि इंकस्केप दोन्हींत कंट्रोल दाबून आयचं बटण दाबलं की विचारणा येते, कोणती फाइल आणू? कोरलड्रॉमध्ये फाइल निवडल्यावर फोटो लगेच दिसत नाही, नुसती कोपऱ्यासारखी खूण माउसबरोबर फिरते. तेव्हा कागदावर ओढून जेवढी चौकट काढाल तेवढ्यात फोटो बसतो. नुसतं एंटर दाबलं तर पानाच्या मधोमध येतो. कॅनव्हात 'अपलोड'वर जाऊन फोटो घ्यायचा आणि मग दाबून पानावर आणायचा.

फोटो बसला की त्याच्या चारी बाजूंना आणि कोपऱ्यांना छोटे चौकोन दिसतात. ते धरून फोटो लहान-मोठा करतात. बाजूचा चौकोन धरून ओढला तर बरणी बुटकी होते, नाहीतर बांबूसारखी उंच. गटाच्या फलकावर ताईंचे चेहरे चपटे झालेले आपण कितीतरी ठिकाणी बघतो, ते याच कारणानं. कोपरा धरून ओढायचं. इंकस्केपमध्ये कोपरा धरताना कंट्रोलचं बटणही दाबून ठेवावं लागतं, नाहीतर तिथंही प्रमाण बिघडतं. जागा उरली तर मजकूर हलवा, फोटो ताणू नका.

आणि इथं एक युक्ती सांगतो, ती नक्की वापरा. कोरलड्रॉमध्ये फोटो हव्या त्या मापाला बसवून झाला की दादाला म्हणायचं, "दादा, जरा या फोटोवर क्लिक करा, आणि खाली पट्टीत डीपीआय किती दाखवतंय ते बघा." पडद्याच्या तळाशी एक बारीक पट्टी असते, तिथं आकडा येतो. ३००च्या आसपास किंवा जास्त असला तर निर्धास्त. २०० असला तरी निभतं. १०० दिसला तर छापायला देऊ नका, घरी जाऊन दुसरा फोटो पाठवा. त्या एका आकड्यानं हजार स्टिकरांचे पैसे वाचतात. मोठ्या फ्लेक्सला मात्र हा हिशेब लावू नका. फ्लेक्स आपण लांबून बघतो, त्याला इंचाला ७०-१०० टिंबंही पुरतात.

फोटोच्या फाइलींचे प्रकार असतात, नावाच्या शेवटी लिहिलेले. जेपीजी म्हणजे साधा फोटो. जागा कमी लागते, पण प्रत्येक वेळी त्यात बदल करून पुन्हा साठवला की थोडा थोडा झिजतो. म्हणून मूळ फोटोला हात न लावता त्याच्या प्रतीवर काम करायचं. पीएनजी झिजत नाही आणि त्याची मागची बाजू पारदर्शक ठेवता येते. गटाचं चिन्ह पिवळ्या लेबलावर ठेवल्यावर त्याच्याभोवती पांढरा चौकोन दिसतो, तो जेपीजी असतो म्हणून. पीएनजी असलं आणि पार्श्वभूमी काढलेली असली की चौकोन नाहीसा. आयफोनचे फोटो कधी कधी एचईआयसी नावाचे येतात आणि इंटरनेटवरून उतरवलेली चित्रं वेबपी नावाची. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ही दोन्ही उघडतच नाहीत. दादा "फाइल खराब आहे" म्हणाला तर घाबरू नका, फाइल धडधाकट असते, फक्त तिचं जेपीजी किंवा पीएनजी करून द्यावं लागतं.

पण गटाचं चिन्ह, म्हणजे लोगो, मुळात टिंबांचा नसावाच. दोसुतीचं बोललो, आता ठिपक्यांच्या रांगोळीचं बघा. रांगोळी आपण दुसरीला कशी सांगतो? "सात ते सात ठिपके, मधल्या चार ठिपक्यांना जोडून घे, बाहेर पाकळ्या काढ." ती रांगोळी उंबऱ्यावर वीतभर काढा किंवा अंगणभर काढा, रेषा तेवढीच नीटस येते. कारण आपण चित्र नाही दिलं, रीत दिली. कॉम्प्युटरमध्ये अशा चित्रांना व्हेक्टर म्हणतात. त्यात टिंबं नसतात, या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत अशी वळणाची रेषा, आत हा रंग, एवढंच लिहिलेलं असतं. नखाएवढं छापा, नाहीतर गावच्या कमानीवर लावा, कडा कातरल्यासारखी स्वच्छ. एसव्हीजी, सीडीआर आणि पुष्कळदा पीडीएफ या फाइलींत अशी चित्रं असतात.

हातानं काढलेलं चिन्ह असेल, समजा तुमच्यातल्या एखादीनं जात्याचं किंवा सुपाचं चित्र काढलंय, तर तेही रेषांचं करता येतं. पांढऱ्या कागदावर काळ्या स्केचपेनानं ठसठशीत काढा, स्कॅन करा आणि सॉफ्टवेअरला सांगा की याच्या कडा शोधून रेषा कर. इंकस्केपमध्ये त्याला ट्रेस बिटमॅप म्हणतात, कोरलड्रॉमध्ये पॉवरट्रेस. चिन्हासाठी हे झकास. बरणीच्या फोटोवर मात्र करू नका, गोधडीच्या ठिगळांसारखा होतो फोटो.

आता जरा आतली गोष्ट. फोटो लेबलात आणायचे दोन मार्ग आहेत. एक, फोटो फाइलमध्ये शिवूनच टाकायचा, त्याला एम्बेड म्हणतात. दुसरा, फोटो जिथं आहे तिथंच ठेवून लेबलात फक्त त्याचा पत्ता लिहायचा, त्याला लिंक म्हणतात. इंकस्केप तर आणतानाच विचारतं, यातलं काय करू? लिंकनं फाइल हलकी राहते, म्हणून काही जण तसं करतात. पण पत्ता बदलला की पाहुणा घर शोधत फिरतो. दुकानातल्या कॉम्प्युटरवर सगळं दिसतं, आणि तीच फाइल पेनड्राइव्हवर घेऊन तालुक्याच्या प्रेसमध्ये गेलं की फोटोच्या जागी लाल फुली. आपल्यासारख्यांच्या चार-पाच फोटोंच्या लेबलाला एम्बेडच बरं. लिंकच केलं असेल तर फाइल आणि सगळे फोटो एकाच फोल्डरमध्ये ठेवून पूर्ण फोल्डर मागायचा.

रंगाचं दुखणं वेगळं आहे. मोबाईलचा पडदा उजेडानं रंग दाखवतो, लाल, हिरवा आणि निळा अशा तीन दिव्यांनी. कागदावर उजेड नसतो, शाई असते. निळसर, गुलाबीसर, पिवळी आणि काळी, अशा चार शाया मिसळून छपाईतले सगळे रंग होतात. उजेडात जे दिसतं ते सगळं शाईत उतरत नाही. हिरवीगार मिरची, झगमगता केशरी, चमकदार निळा हे रंग कागदावर थोडे उतरतातच. हळदीचा पिवळा बरा येतो. हा कुणाचा दोष नाही, पण आधी माहीत असलेला बरा. पूर्ण छपाईआधी एक नमुना, म्हणजे प्रूफ, त्याच कागदावर काढून मागा. दहा-वीस रुपये जास्त गेले तरी चालतील. नमुना दिवसाच्या उजेडात, दुकानाबाहेर येऊन बघा, ट्यूबलाइटखाली नाही. आणि शेजारी खरं तिखट ठेवून बघा.

लेबलाच्या कडेपर्यंत फोटो जाणार असेल तर ब्लाउज बेतताना ठेवतो तशी माया ठेवायची. चारी बाजूंना ३ मिलिमीटर फोटो जास्तीचा बाहेर गेला पाहिजे, कारण कापणारं मशीन केसभर इकडंतिकडं होतंच. माया नसेल तर कडेला पांढरी रेघ राहते. तसंच मजकूर अगदी कडेला चिकटवू नका, नाहीतर परवाना नंबरचा शेवटचा आकडाच कापला जातो.

मराठी अक्षरांचं तर आपल्याला फारच जपायला हवं. तुम्ही मजकूर मोबाईलवर टाइप करून पाठवता, तो युनिकोड नावाच्या पद्धतीत असतो. दुकानात पुष्कळदा जुन्या पद्धतीचे फाँट असतात, नाहीतर कोरलड्रॉची जुनी आवृत्ती. मजकूर तिथं चिकटवला की कधी चौकोन येतात, कधी जोडाक्षरं सुटतात, कधी पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते. 'मिरची'ची वेलांटी सुटली आणि 'शेंगदाणा'चा अनुस्वार गळाला तर गिऱ्हाईक हसतं, आणि घटकांच्या यादीत शब्द बिघडला तर हसण्यावारी जात नाही. म्हणून छपाईआधी पीडीएफ मागा आणि गटातल्या दोघींनी मिळून वाचा. एकीनं मूळ कागद धरायचा, दुसरीनं मोठ्यानं वाचायचं, आकडेसुद्धा एकेक करून. चांगले युनिकोड फाँट फुकट मिळतात. मुंबईच्या एक टाइप या अक्षरकारांच्या संस्थेनं केलेले बालू आणि मुक्त हे दोन फाँट कुणीही, धंद्यासाठीसुद्धा, वापरू शकतं. बालू गुबगुबीत आहे, नावासाठी छान दिसतो. मुक्त साधा आहे, बारीक मजकुराला बरा.

दुकानदार शेवटी अक्षरांचंही 'कर्व्ह' करतो, म्हणजे अक्षरांच्या रेषा करून टाकतो, की दुसऱ्या कॉम्प्युटरवर फाँट नसला तरी अक्षर हलू नये. हे चांगलंच आहे. पण एकदा कर्व्ह केलं की भाव किंवा वजन बदलायला अक्षर पुन्हा टाइप करता येत नाही. तेव्हा दोन फाइली ठेवायला सांगा, एक अक्षरांची आणि एक कर्व्ह केलेली.

शाकाहारी पदार्थाची हिरवी खूण आपण सगळ्या ओळखतो, हिरव्या चौकोनी रेघेत हिरवा भरीव गोल. तिचं माप लेबलाच्या आकारानुसार नियमात ठरलेलं आहे. कुणाच्या तरी पाकिटाचा फोटो काढून ती कापून लावू नका, दादाकडून रेषांची नवी काढून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे. एफएसएसएआयचं चिन्हही स्वच्छ घ्या आणि त्याखालचा १४ आकडी नंबर प्रमाणपत्र समोर ठेवून तपासा.

पैसे घ्यायचा क्यूआर कोड लेबलावर किंवा फलकावर टाकताना तर दोनदा बघा. तो काळ्यापांढऱ्या घरांचा चौकट आहे, १९९४ मध्ये जपानमध्ये मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठी निघाला. त्याच्याभोवती पांढरी मोकळी जागा लागते, किमान चार घरांइतकी. ती कापली किंवा त्यावर वेलबुट्टी आली, कोड तिरपा ताणला किंवा पिवळा कोड पांढऱ्यावर छापला, की मोबाईल तो ओळखत नाही. प्रूफवर दोन वेगवेगळ्या मोबाईलनी स्कॅन करून एकेक रुपया पाठवून बघा, आणि तो गटाच्याच खात्यात जमा झाला का तेही. अध्यक्षांचं वैयक्तिक खातं पुढं आलं तर नंतर हिशेबाच्या बैठकीत कटकट होते.

काही जणी विचारतात, एवढा खटाटोप कशाला, गुगलवर पापडाचे सुरेख फोटो पडलेत, त्यातला घेऊ. मैत्रिणींनो, तो फोटो कुणीतरी काढलेला असतो आणि त्यावर त्याचा हक्क असतो. आपल्याकडे १९५७चा कॉपीराइट कायदा आहे. गुगल दाखवतो म्हणजे तो आपला झाला असं नाही. तसाच कॉम्प्युटरनं आपोआप बनवलेल्या चित्रातला पापडही नको. गिऱ्हाईकानं पाकीट फोडलं आणि आतला माल चित्रासारखा नसला तर ती फसवणूकच. आणि लेबलावर गटातल्या कुणाचा चेहरा टाकायचा असेल तर तिला आधी विचारा. तिच्या घरच्यांना नाही, तिला. तिची संमती ठराववहीत लिहून तिची सही घ्या.

आता शेवटचं, पण आमच्या मते आजचं सगळ्यात महत्त्वाचं. लेबल तयार झालं, छापून आलं, सगळं छान. ती फाइल कुणाकडे आहे? बहुतेक गटांचं उत्तर असतं, "दुकानात." मग दुकानदारानं भाव वाढवला, दुकान बंद पडलं किंवा कॉम्प्युटर बिघडला, तर गट पुन्हा शून्यावर. एका गटाला सरस प्रदर्शनाच्या आठ दिवस आधी असं कळलं की दुकानातला जुना मुलगा काम सोडून गेला आणि फाइल कुठं ठेवलीय ते कुणालाच माहीत नाही. पुन्हा सगळं डिझाइन करून घ्यावं लागलं, पैसेही दुसऱ्यांदा गेले. डिझाइनचे पैसे आपण देतो, तेव्हा फाइल मागण्यात संकोच कसला?

हे काम सुरू होण्याआधीच बोलून घ्या, नंतर नाही. नंतर मागितलं की वाद होतो. म्हणायचं, "दादा, डिझाइनचे किती आणि छपाईचे किती, ते वेगळं लिहून द्या. आणि डिझाइनमध्ये आम्हाला मूळ फाइलही द्यायची." मूळ फाइल म्हणजे कोरलड्रॉची सीडीआर, जिच्यात बदल करता येतात. तिच्याबरोबर छपाईची पीडीएफ, चिन्हाची एसव्हीजी आणि पीएनजी, मूळ फोटो आणि वापरलेल्या फाँटचं नाव. कॅनव्हावर मुलीनं केलं असेल तर छपाईसाठी 'पीडीएफ प्रिंट' उतरवायला सांगा, आणि तेही व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा. खातं मात्र तिचं नको, गटाचं असू द्या. ती लग्न होऊन गेली की पासवर्डही तिच्याबरोबर जातो.

ठेवायचं कुठं? गटाच्या नावानं एक ईमेल काढा. गुगल ड्राइव्हवर १५ जीबी जागा फुकट मिळते, आपल्या लेबलांना ती वर्षानुवर्षं पुरेल. शिवाय एक पेनड्राइव्ह, गटाच्या पेटीत, पासबुकांबरोबर. फाइलीला नाव देताना 'नवीन', 'नवीन२', 'फायनल', 'फायनलफायनल' असं करू नका. 'कांदालसूण-२०० ग्रॅम-मे' असं द्या, म्हणजे पुढच्या सचिवालाही कळेल. पासवर्ड दोघींना माहीत हवा आणि ठराववहीच्या शेवटच्या पानावर फाइली कुठं आहेत ते लिहिलेलं हवं.

ज्या गटांकडे आधीचे स्टिकर पडून आहेत, त्यांनी विचारलंय की त्यांचं काय करायचं. मजकूर बरोबर असेल आणि फक्त फोटो धुरकट असेल, तर फोटोवर बसेल एवढंच लहान, गोल, नावाचं स्टिकर वेगळं छापून वर लावता येतं. हजार पूर्ण लेबलांपेक्षा ते स्वस्त पडतं. मात्र त्याखाली तारीख, वजन, घटक, परवाना नंबर यातलं काही झाकलं जात नाही ना, ते आधी एका पाकिटावर लावून बघा.